आरामशीर सायकल हवी असेल तर आधी टायर आणि माप बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत सायकल खरेदीवर लेख आला तो वाचला. विषय घेतलात याबद्दल मनापासून आभार, कारण रोज कामावर सायकलने जायचं आणि सुट्टीच्या दिवशी तीच सायकल घेऊन मातीच्या वाटांवर रपेट मारायची असे लोक आता बरेच झालेत आणि त्यांच्यासाठी मराठीत धड माहिती सहजासहजी मिळत नाही. पण त्या लेखात आरामशीर सायकल म्हणजे पुढे सस्पेन्शन (धक्का झेलून दबणारी स्प्रिंगची किंवा हवेची रचना), खाली जेलची गुबगुबीत सीट आणि २१ गियर असं जे गणित मांडलंय ते मला अजिबात पटलेलं नाही. असं वाचून लोक सायकल घेतात, महिनाभर चालवतात, मग गुडघा दुखतो, हात बधिर होतात, बूड दुखतं, आणि सायकल जिन्याखाली जाऊन पडते. याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण दोष त्या माणसाचा नसतो आणि बऱ्याचदा सायकलचाही नसतो.

आधी कोणाबद्दल बोलतोय ते सांगतो. एकच सायकल, आठवड्यातले पाच-सहा दिवस डांबरी रस्ता, त्यात खड्डे, गतिरोधक, कडेची सुटी खडी, सोबत बॅग, आणि सुट्टीला मातीची वाट, मधेमधे दगड, झाडांची मुळं, एखादा चढ. उड्या मारायच्या नाहीत, डोंगरावरून सुसाट खाली यायचं नाही. ज्यांना ते करायचंय त्यांना खरी माउंटन बाइकच लागते आणि चांगलं सस्पेन्शनही लागतं, त्यांचा विषय वेगळा. बाकीच्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे, पुढे साधा सरळ फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, सस्पेन्शन नसलेला) असलेली हायब्रिड, म्हणजे रस्ता आणि माती दोन्हीवर चालणारी, सायकल घ्यावी, तिच्यात निदान ४० मिमी रुंदीचा टायर बसला पाहिजे, आणि ती आपल्या मापाची पाहिजे. रंग, कंपनी, गियरचा आकडा हे सगळं त्याच्यानंतर.

टायरला मी पहिला नंबर का देतो तर हादरा सगळ्यात आधी तिथेच पोचतो. सुरुवातीच्या सायकलींना लाकडी चाकं आणि त्यावर बैलगाडीसारखी लोखंडी धाव असायची, नंतर भरीव रबर आलं, पण बसणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हायची ती व्हायचीच. मग बेलफास्टमधे राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेला टायर बनवला आणि १८८८ मधे त्याचं पेटंट घेतलं. उद्देश काय, तर पोराला हादरे कमी बसावेत. पण पुढच्याच वर्षी, १८८९ मधे, विली ह्यूम नावाच्या सायकलपटूने तेच टायर लावून बेलफास्टमधल्या शर्यती जिंकल्या आणि भरीव टायरवाले मागे राहिले. म्हणजे जो टायर आरामासाठी बनवला तोच पळायलाही चांगला निघाला. हे मुद्दाम सांगतोय कारण आजही लोकांना वाटतं की रुंद टायर घेतला की सायकल जड पळणार. तसं नाहीये. दगडावरून जाताना टायर दबला नाही तर पूर्ण सायकल आणि वरचा माणूस उचलला जातो आणि त्यात आपली ताकद वाया जाते, टायर दबला तर दगड त्याच्यातच जिरतो. अगदी शर्यतीतले सायकलपटूसुद्धा पूर्वी २३ मिमीचे टायर वापरायचे ते आता २८ मिमी आणि त्याच्याही पुढे गेलेत, आणि ते काही आराम मिळावा एवढ्यासाठी गेलेले नाहीत.

आता हिशोब बघा. २८ मिमीच्या जागी ४० मिमीचा टायर लावला तर आतली हवेची जागा जवळपास दुप्पट होते, कारण रुंदीबरोबर उंचीही वाढते. हवा जास्त म्हणून दाब कमी ठेवता येतो. साधारण ७०-७५ किलोच्या माणसाला ४० मिमीच्या टायरमधे डांबरावर ४५-५० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) पुष्कळ झाले, मातीवर जाताना ३५-४० पर्यंत उतरवा, पुढच्या चाकात मागच्यापेक्षा थोडी कमी ठेवा, वाट एकदम वेगळी वाटायला लागते, जिथे हँडल हातात थडथडायचं तिथे सायकल जमिनीला धरून चालते. फार खाली मात्र जाऊ नका, ट्यूबवाला टायर असेल तर दगडावर रिम आपटून ट्यूब चिमटते आणि दोन भोकांचं पंक्चर होतं. टायरच्या बाजूला जो आकडा छापलेला असतो तो जास्तीत जास्त दाबाचा असतो, तेवढी भरलीच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही, पण दुकानात सर्रास तेवढी ठणठणीत भरून देतात आणि गिऱ्हाईक म्हणतं सायकल फार आदळते. घरी मीटरवाला पंप ठेवा, अंगठ्याने दाबून अंदाज करू नका, ४० आणि ६० मधला फरक अंगठ्याला कळत नाही.

टायरच्या बाजूलाच अजून एक जोडआकडा असतो, ४०-६२२ असा. पहिला आकडा टायरची रुंदी मिमीमधे, दुसरा रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास. ज्याला ७०० सी म्हणतात आणि ज्याला २९ इंची म्हणतात ती दोन्ही चाकं ६२२ चीच असतात, साडेसत्तावीस इंची म्हणजे ५८४ आणि माउंटन बाइकची जुनी २६ इंची म्हणजे ५५९. टायर बदलताना इंचात बोलू नका, हा आकडा दाखवा, गोंधळच होणार नाही. आणि सायकल घेतानाच विचारून ठेवा की या फ्रेममधे मडगार्डसकट जास्तीत जास्त किती रुंद टायर बसतो. कित्येक हायब्रिड सायकलींवर ३५ चा टायर असतो आणि त्याच्यापेक्षा रुंद टायरला जागाच नसते. टायर आणि फ्रेमच्या मधे दोन्ही बाजूंना ५-६ मिमी तरी मोकळं दिसलं पाहिजे, नाहीतर पहिल्याच चिखलात चाक अडकतं. नक्षी कशी हवी तर मधे जवळपास गुळगुळीत आणि कडेला खाचा, म्हणजे रस्त्यावर घरघर होत नाही आणि मातीच्या वळणावर पकड मिळते. मोठमोठ्या उंचवट्यांचा टायर रोज डांबरावर चालवला तर आवाज करतो, दमवतो आणि झिजतोही लवकर.

आता सस्पेन्शन. मी सस्पेन्शनच्या विरोधात नाही, मी स्वस्तातल्या सस्पेन्शनच्या विरोधात आहे. चांगला हवेचा फोर्क आपल्या वजनाप्रमाणे सेट करता येतो आणि तो खरंच काम करतो, पण तो महाग सायकलींवर येतो. कमी किंमतीच्या सायकलींवर जो येतो त्यात एक जाड स्प्रिंग असते, ती सगळ्यांसाठी एकच, हलक्या माणसाखाली ती हलतच नाही आणि जड माणसाखाली तळाला जाऊन आपटते. बारीक थरथर, जी रोजच्या रस्त्यावर सगळ्यात जास्त त्रास देते, ती तर त्यातून थेट वर येते कारण आतल्या नळ्या घासतात आणि छोट्या धक्क्याला दबतच नाहीत. वर एक-दीड किलो जास्त वजन, ते रोज जिन्यावरून उचलायचं. उभं राहून चढ चढताना पुढचा भाग डुचमळतो, म्हणून लोक लॉक करून ठेवतात, आणि एकदा लॉक केला की तो साधा फोर्कच झाला, फक्त जड. शिवाय पाणी चिखल आत गेला की दोन-तीन वर्षात जाम होतो. दुकानात बघायची सोपी रीत आहे, पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडलवर अंगाचा भार टाकून सोडा, फोर्क अडखळत खाली गेला किंवा वर येताना टक्क वाजला तर त्याच्यासाठी पैसे घालवू नका, तेच पैसे चांगले टायर आणि चांगल्या ब्रेककडे वळवा. पुढे मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या स्वस्त सायकली तर कामावर जायला अजिबात घेऊ नयेत, प्रत्येक पॅडलला मागचा भाग खालीवर होतो आणि साधं कॅरिअर बसवायची पंचाईत. माउंटन बाइकचा जन्म १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात झाला, तिथली मंडळी जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली यायची, त्या सायकलींना कुठलंही सस्पेन्शन नव्हतं, जे काही होतं ते टायरमधे होतं. आपल्याला तर नुसती रपेट मारायची आहे.

माप हा विषय लेखात दोन ओळीत संपवलाय, उंची इतकी असेल तर फ्रेम इतकी. सारख्या उंचीच्या दोन माणसांत एकाचे पाय लांब असतात आणि एकाचं धड लांब, त्यामुळे नुसत्या उंचीवरून माप निघत नाही, आणि एका कंपनीची १८ इंची दुसऱ्या कंपनीच्या १८ इंचीएवढी असेलच असंही नाही. पहिलं बघायचं ते सायकलच्या दांड्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिल्यावर खाली जागा किती राहते, मातीवर जाणाऱ्याने पाचेक सेंटीमीटर तरी ठेवावी कारण तिथे अचानक पाय टेकावा लागतो. दुसरं, आणि जास्त महत्त्वाचं, सीटवर बसून हँडल धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहतात का. हात ताठ झाले तर फ्रेम लांब आहे, मग प्रत्येक खड्डा थेट खांद्यात आणि मानेत जातो. सीट वरखाली करता येते, पण फ्रेमची लांबी बदलता येत नाही, फार तर स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) आखूड करून एक-दोन सेंटीमीटर मिळतात.

सीटच्या उंचीबद्दल एक अनुभव सांगतो. आमच्या ऑफिसातल्या एक ताई रोज सायकलने यायच्या, गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं म्हणून सायकल विकायला निघाल्या होत्या. खाली पार्किंगमधे त्यांना सायकलवर बसायला सांगितलं तर दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकत होते, पॅडल वर आलं की गुडघा पार पोटाशी. दुकानदाराने सांगितलं होतं असंच सेफ असतं. मग सायकल भिंतीला लावली, त्यांना एका हाताने भिंत धरायला लावली, पॅडल सगळ्यात खाली आणलं आणि त्यावर टाच ठेवायला सांगितली, टाच टेकून पाय सरळ होईपर्यंत सीट वर घेतली. पण ती उंची एका दिवसात अंगवळणी पडत नाही, म्हणून आधी थोडी, मग चार दिवसांनी अजून थोडी अशी चढवत नेली. चवड्याने पॅडल मारताना आता गुडघा अगदी थोडा वाकलेला राहतो, साधारण २५ ते ३५ अंश, तेवढाच पाहिजे. सिग्नलला सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं हे त्यांनी आठवड्यात शिकून घेतलं आणि दुखणं हळूहळू थांबलं. सायकल अजून त्यांच्याकडेच आहे. गुडघा पुढून दुखला तर बहुतेकदा सीट खाली असते, मागून दुखला किंवा चालवताना कंबर डावीउजवीकडे डुलायला लागली तर सीट फार वर असते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. ज्यांना आकडा लागतो त्यांनी भिंतीला पाठ लावून जांघेपासून जमिनीपर्यंतचं माप घ्यावं आणि ०.८८३ ने गुणावं, हे सूत्र ग्रेग लेमाँड या सायकलपटूच्या नावाने ओळखलं जातं, माप ८० सेंमी आलं तर फ्रेममधल्या ज्या एक्सलभोवती पॅडलच्या दांड्या (क्रँक) फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या वरपर्यंत साधारण ७०.६ सेंमी. तिथून सुरुवात करा, मग आपल्या अंगाला विचारून थोडं वरखाली करा. अर्थात दुखणं जुनं असेल तर डॉक्टरांनाच दाखवा.

गुबगुबीत सीटचा मोह सगळ्यांना होतो, दुकानात अंगठ्याने दाबून बघतात आणि खूष होतात. पण माणूस सायकलवर मांडीवर बसत नाही, बसतो ते बुडातल्या दोन हाडांवर. सीट फार मऊ असली की ही हाडं आत रुततात आणि मधला नाजूक भाग दाबला जातो, म्हणून अर्ध्या तासाने मुंग्या येतात. थोडी टणक पण आपल्या हाडांएवढी रुंद सीट जास्त वेळ साथ देते. माप घरीच निघतं, पुठ्ठ्याच्या खोक्याचा तुकडा कडक स्टुलावर ठेवायचा, त्याच्यावर जरा पुढे वाकून बसायचं, पाय उचलायचे, उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतात, त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं. सीट त्याच्यापेक्षा निदान दोन सेंटीमीटर रुंद हवी, जितकं ताठ बसाल तितकी अजून थोडी रुंद. बायकांमधे हे अंतर बऱ्याचदा जास्त असतं, त्यामुळे सायकलबरोबर आलेली अरुंद सीट त्यांना जास्त त्रास देते, आणि नवऱ्याला चालली म्हणून बायकोला चालेल असं काही नसतं. सीट बदलणं पाच मिनिटांचं काम आहे, आवडलेली सायकल निव्वळ सीटसाठी सोडू नका. नवीन सीटवर पहिला आठवडा थोडं दुखणारच, ते बसण्याची सवय नसल्याचं दुखणं असतं, पण मुंग्या किंवा बधिरपणा आला तर मात्र सहन करत बसू नका, सीटचं टोक किंचित खाली करून बघा, नाही जमलं तर सीट बदला.

हातांचंही असंच. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या बाहेरच्या बाजूची नस दबतेय, म्हणजे अंगाचा भार हातांवर जास्त पडतोय, हँडल फार खाली किंवा फार लांब आहे. रोजच्या वापराला हँडल सीटच्या बरोबरीला किंवा थोडं वर असावं. एकदम खुर्चीत बसल्यासारखं ताठ पण नको, मग सगळा भार बुडावर आणि कण्यावर येतो आणि चढावर पायात जोरच येत नाही. पकड बदलायला हँडलची मूठ थोडी रुंद असेल तर बरं. हँडलची रुंदी ६०० ते ६८० मिमी गाड्यांच्या गर्दीतून न्यायला सोपी पडते, माउंटन बाइकची साडेसातशेच्या वरची हँडलं मातीवर छान पण दोन गाड्यांच्या मधून काढताना जीव वरखाली होतो.

२१ गियरच्या आकड्याला भुलू नका असं कळकळीने सांगावंसं वाटतं. पुढे तीन आणि मागे सात चकत्या असल्या की गुणाकार २१ होतो, पण त्यातले कित्येक गियर जवळजवळ सारखेच पडतात. विचारायचं ते हे की सगळ्यात हलका गियर किती हलका आहे. पुढची सगळ्यात लहान चकती २८ दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठी पण २८ दात्यांची असेल तर पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा, म्हणजे ४० मिमीच्या टायरवर जवळपास २.२ मीटर. दुसरी सायकल घ्या, पुढे एकच ३८ ची चकती, मागे दहा, सगळ्यात मोठी ४२ ची, तर एका फेऱ्यात दोन मीटर. म्हणजे १० गियरवाली सायकल २१ वाल्या सायकलपेक्षा चढाला हलकी! पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) नाही, त्याची केबल नाही, चेन मधेच अडकायची भीती कमी. मातीच्या चढावर सामान घेऊन जाणाऱ्याला हेच लागतं.

ब्रेक डिस्कचे घ्या, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) परवडत असतील तर तेच, दोन बोटांनी लागतात आणि ओल्या चिखलात पण लागतात. व्ही ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे) वाईट नाहीत पण चिखलात रिम झिजते. फ्रेम अॅल्युमिनियमची की स्टीलची यावर लोक तासनतास वाद घालतात, जाड टायरवर बसल्यावर तो फरक मला तरी फारसा जाणवत नाही. मडगार्ड आणि कॅरिअर बसवायची भोकं फ्रेमला आहेत का ते मात्र हमखास बघा, कारण पाठीवरची बॅग रोज घामाने पाठ भिजवते आणि मातीवर तोल बिघडवते.

आणि चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका. दुकानासमोर एक गोल फेरी मारून काही कळत नाही. सीट आपल्या मापाला लावून घ्या, टायरमधली हवा बरोबर करून घ्या, मग अर्धा तास मागा, त्यात एक खराब रस्ता, एक चढ आणि जमली तर थोडी माती. जो दुकानदार याला नाही म्हणतो त्याच्याकडे नंतर दुरुस्तीला जायचंय हेही लक्षात असू द्या.

आपल्या पुरवणीला शेवटी एक विनंती. पुढच्या वेळी सायकलींचा तक्ता छापाल तेव्हा गियरच्या आकड्याऐवजी प्रत्येक सायकलखाली मडगार्डसकट किती रुंद टायर बसतो, सगळ्यात हलक्या गियरमधे पुढे मागे किती दाते येतात, फ्रेम किती मापांत मिळते आणि कॅरिअरची सोय आहे की नाही एवढं छापा. कंपन्या ही माहिती देतात, नाही दिली तर विचारून घ्या, आणि तरीही नाही मिळाली तर तेही तक्त्यात लिहा.

आपला,
रोज सायकलने कामावर जाणारा एक वाचक